तात्पर्य आलं की थांबणारा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर बिघडलेला नाही, तो थांबतो. हा फरक मी इतक्या लोकांना समजावून सांगितला आहे की आता त्याचा एक छोटा अभ्यासक्रम तयार होईल. बिघडलेली वस्तू प्रामाणिक असते. ती सरळ सांगते, मी बिघडले, मला घेऊन चला. थांबणाऱ्या वस्तूचं तसं नसतं. पडद्यावर चित्र जिथल्या तिथे, दिवा लागलेला, आत बारीक घरघर, सगळं कसं शिस्तीत. फक्त बाण हलत नाही. वर्गात मागच्या बाकावर अशी काही मुलं असायची. डोळे उघडे, मान फळ्याकडे, चेहऱ्यावर आदर, आणि आत कोणी नाही.

त्या मुलांचं काय करायचं ते मला माहीत होतं. मी त्यांच्या बाकापाशी जाऊन उभा राहायचो आणि हळूच विचारायचो, "कुठवर गेला होतास?" बहुतेक जण खरं सांगायचे. कॉम्प्युटर सांगत नाही.

अंबाजोगाईच्या शाळेतून निवृत्त झालो आणि निशांतची, म्हणजे मुलाची, बदली चंदीगडला झाली. सरकारी घर मिळेपर्यंत म्हणून एअरोसिटीत भाड्याने राहिलो, ते राहिलोच. विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना माझी बायको शशिकला अजूनही आमटीच्या भांड्यावर झाकण ठेवते. इथे मला काम असं काहीच नव्हतं. शिक्षकाला काम नसलं की तो घरच्यांना शिकवायला लागतो, आणि घरच्यांनी ते फार दिवस सहन केलं नाही. सून क्षितिजा हिनेच शेवटी मार्ग काढला. "बाबा, रविवारी मुलांना मराठी शिकवा ना. रेवा तर सगळं हिंदीतच बोलते."

असा आमचा रविवारचा वर्ग सुरू झाला. विद्यार्थी तीन: माझी नात रेवा, निशांतच्या ऑफिसातल्या एकाचा मयुरेश आणि पलीकडच्या गल्लीतली स्वराली. तिघांनाही मराठी कळतं. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देतात, आणि दोन्ही पक्षांना वाटतं की आपलं बरोबर चाललंय. मी गोष्टी रचतो, त्यांची चित्रं काढतो, आणि निशांतने ती कॉम्प्युटरवर अशी बसवून दिली आहेत की एकेक बटण दाबलं की पुढचं चित्र येतं. शेवटच्या चित्रावर तात्पर्य.

दसऱ्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. दसऱ्याला तर वर्ग अगदी रंगला. मी मुलांना पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायला शिकवली. आपट्याचं झाड इथे कुठून आणणार, म्हणून आम्ही इथल्या रिवाजाप्रमाणे कांचनाराची पानं आणली. ही झाडं चंदीगडच्या रस्त्यांवर भरपूर, आणि पान अगदी आपट्याच्या सख्ख्या भावासारखं, दोन पाकळ्यांचं. इथल्या महाराष्ट्र मंडळातली सगळी मराठी घरं हेच सोनं लुटतात. कॉम्प्युटर म्हणजे आजची पाटीच, म्हणून मी त्याचीही पूजा केली. मुलांनी गंभीरपणे हात जोडले. "क्या बोलना है, आजोबा?" असं रेवाने विचारल्यावर मी म्हणालो, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." ते तिने म्हटलं की नाही, ते विमानाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

लगेचच्या रविवारी तो पहिल्यांदा थांबला.

गोष्ट होती एका आळशी खारीची. खार हिवाळ्यात उपाशी बसली, शेजारणीकडे गेली, शेजारणीने दोन अक्रोड दिले, आणि मी आवाज जरा खाली आणून म्हणालो, "तर मुलांनो, यावरून आपल्याला काय..." बटण दाबलं. काही नाही. खार अक्रोड हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"आजोबा, ये हिलता क्यों नहीं?" स्वरालीने विचारलं.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट कावळ्याची होती. तीही तात्पर्यापाशी थांबली. मग निशांतने सांगितल्याप्रमाणे बंद करून चालू केला. निशांतचा कोणत्याही अडचणीवर हाच एक उपाय आहे. त्याच्या ऑफिसचं कामकाजही बहुधा असंच चालत असावं. पुढच्या रविवारी मी तीन गोष्टी घेतल्या, आणि मुलांना वेगळीच गोडी लागली. गोष्ट ऐकता ऐकता ती एकमेकांना कोपराने ढोसायला लागत. तात्पर्य जवळ आलं की मयुरेश बोटांवर उलटे आकडे मोजायचा. आणि कॉम्प्युटर थांबला की तिघंही एकदम टाळ्या पिटायची. इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही तात्पर्याला टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मला वाईट वाटलं. यंत्राचं नाही, स्वतःचं. मनात आलं, या डब्याला तरी कळलंय की तात्पर्य ऐकायला कोणालाच नको असतं.

इथपर्यंत मी गप्प बसलो असतो. पण स्वरालीच्या आई, मधुरिमाताई, एका संध्याकाळी आल्या. चांगल्या बाई आहेत, मला 'काका' म्हणतात. चहा घेऊन झाल्यावर त्या कपाकडे बघत म्हणाल्या, "काका, रागावू नका. पुण्याहून एक ऑनलाइन मराठी क्लास चालतो. सर्टिफिकेटही देतात. मयुरेशच्या आईशीही माझं बोलणं झालंय. दिवाळीनंतर म्हटलं मुलांना तिकडेच घालावं."

"का बरं?"

"स्वराली घरी सांगते, आज मज्जा आली, कॉम्प्युटर हँग झाला. काय शिकलीस विचारलं तर म्हणते, पता नहीं."

'पता नहीं' हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय, वेगवेगळ्या भाषांत. पण त्या दिवशी ते लागलं. दिवाळीनंतर रविवार मोकळे होणार होते, आणि मोकळे रविवार म्हणजे काय, हे निवृत्त माणसालाच विचारावं. रेवा राहिली असती, पण एका मुलाचा वर्ग होत नाही. ती शिकवणी होते.

म्हणून मी कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा निश्चय केला, आणि तो निश्चय गच्चीवर बोलून दाखवण्याची चूक केली. गच्चीवर बाजवासाहेब होते. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत, आणि मला 'मास्टरजी' म्हणतात. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि आकाशाकडे बोट केलं.

"जहाज, मास्टरजी."

"म्हणजे?"

"ये जो जहाज उतरते हैं ना, इनके सिग्नल. आपका कॉम्प्युटर सिग्नल में फँस जाता है. संडे को आपकी क्लास के टैम पे एक उतरता है. पक्का वही है."

मला हे पटलं नाही. पण शिक्षकाने एखादी कल्पना तपासल्याशिवाय मोडीत काढू नये, असं मीच मुलांना सांगत आलो आहे. तेव्हा एका सकाळी मी खाली कॉम्प्युटरसमोर बसलो, बाजवासाहेब वर गच्चीवर, आणि मधल्या जिन्यात रेवा. विमान दिसलं की बाजवासाहेब ओरडणार, रेवा तो निरोप खाली पोचवणार, आणि मी बाणाकडे लक्ष ठेवणार. बराच वेळ काही झालं नाही. मग बाण थांबला. मी ओरडलो, "थांबला! विमान आलं का?"

रेवा वर धावली, खाली आली. "आजोबा, अंकल बोल रहे हैं, जहाज आज लेट है."

मागोमाग बाजवासाहेब स्वतः उतरले. पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "देखा? जहाज लेट है, लेकिन कॉम्प्युटर टैम पे है जी."

माणूस एकदा सिद्धांताच्या प्रेमात पडला की पुरावा त्याला घरजावयासारखा वाटतो. काहीही केलं तरी आपलाच.

जाता जाता त्यांनी एक उपाय मात्र केला. कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाजूला तळहाताने एक सणसणीत थाप मारली. "पिंड में हमारा रेडियो इसी से चलता था." पिंड म्हणजे त्यांचं गाव. आणि बाण हलला! मी थक्क झालो, आणि मग अस्वस्थ झालो. उभ्या नोकरीत मी एकाही मुलावर हात उचलला नव्हता. मारून शिकत नाही कोणी, हे मी शिक्षकांच्या सभेत भांडून सांगितलं होतं. आणि आता उतारवयात माझ्यासमोर माराने एक विद्यार्थी सुधारत होता. मी स्वतः कधी थाप मारली नाही. फार तर पाठीवरून हात फिरवावा तसा डब्यावरून फिरवला, त्याने काही झालं नाही. रेवाला मात्र ते काम फार आवडलं. बाण थांबला रे थांबला की ती "चालू हो जा!" म्हणत थाप द्यायची. कधी चालू व्हायचा, कधी नाही.

शशिकलाने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. "एवढी मुलं येतात, कौतुक करतात, नजर लागणारच." मी म्हणालो, यंत्राला नजर लागत नसते. ती म्हणाली, "पूजा कशी चालते मग?"

उघडून बघावा, असं मनात येत होतं. पण डब्याच्या मागच्या स्क्रूवर कागदाचा एक गोल तुकडा चिकटवलेला होता, आणि तो फाटला तर वॉरंटी जाते. निशांतने बजावलं होतं, "बाबा, काहीही करा, ते स्टिकर फाडू नका." एवढासा कागद, पण त्याची जरब अशी की मी डबा पुसतानासुद्धा त्याला वळसा घालत असे. तेव्हा उघडायचा अधिकार असलेल्या लोकांकडेच न्यायचा ठरवला.

सेवा केंद्र सेक्टर बावीसमध्ये, बाजाराच्या गर्दीत एका जिन्यावर. रिक्षात मी डबा मांडीवर आडवा घेतला, झोपलेलं मूल घ्यावं तसा, आणि खड्डा आला की उचलून धरला. केंद्रातल्या मुलीने कागद पाहिले आणि विचारलं, "अंकल, ओरिजिनल पॅकिंग?"

मूळ खोक्यात शशिकलाने गणपतीचं मखर ठेवलं होतं. ते मी सांगितलं नाही. "नहीं है," एवढंच म्हणालो.

"बिना पॅकिंग के मॅनेजर सर की परमिशन लगेगी. एक ईमेल कर दीजिए, कि पॅकिंग नहीं है और प्रॉब्लेम क्या है."

"बेटा, ईमेल मी ज्याच्यावर करतो तोच हा आहे." घाईत मी मराठीतच बोललो, पण तिला समजलं.

"तो इसी से कर दीजिए ना. मैं लगा देती हूँ."

आणि तिने तो टेबलावर आडवाच ठेवून जोडून दिला. मी एका बोटाने टंकत बसलो: 'महोदय, माझा कॉम्प्युटर अधूनमधून थांबतो, त्यामुळे त्यावर कोणतेही काम करता येत नाही...' कॉम्प्युटर एकदाही थांबला नाही. उलट इतका चपळ कधीच चालला नव्हता. मी मुद्दाम अर्ज लांबवला. विमानांचा उल्लेख केला. खारीच्या गोष्टीचा थोडा सारांशही दिला. तो आनंदाने सगळं लिहून घेत होता. मागे रांगेतल्या एका गृहस्थांनी वाकून पडदा वाचला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी पालकसभेत पुष्कळदा पाहिली आहे, पण ती नेहमी दुसऱ्या कोणासाठी असायची.

दुपारभर त्यांनी तो चालू ठेवला. चालतच राहिला. डब्याला लागलेलं बोट पुसून मुलीने विचारलं, "ये लाल क्या है?" मी म्हणालो, "कुंकू." तिने समजुतीने मान हलवली. संध्याकाळी हातात कागद दिला. त्यावर शेरा होता: 'दोष आढळला नाही. ग्राहकाला वापराबद्दल मार्गदर्शन केले.'

मी आयुष्यभर प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. 'लक्ष देत नाही.' 'अधिक सराव हवा.' असा शेरा घेऊन मूल घरी कसं जात असेल, याचा विचार मी करत नव्हतो असं नाही. पण तो कागद घेऊन जिना उतरताना कसं वाटतं, हे मला सेक्टर बावीसमध्ये कळलं. घरी पोचल्यावर शशिकलाने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "तो पास झाला. मी नापास."

शनिवारी तो कोपऱ्यात उभा करून लावला. दिवसभर सरळ चालला. मी मनातल्या मनात सेवा केंद्राची माफी मागितली.

रविवार दिवाळीआधीचा शेवटचा होता. मधुरिमाताई स्वरालीला सोडायला आल्या आणि "सहज" म्हणत मागे खुर्चीवर बसल्या. शाळा तपासायला येणारे साहेबही असेच सहज बसायचे. निशांत आणि क्षितिजा खरेदीला गेले होते. मी नवी गोष्ट घेतली, एका कुंभाराची आणि त्याच्या गाढवाची. खूप मेहनतीने चित्रं काढली होती. कुंभार नदी ओलांडून आला, गाढव हसलं, मुलंही हसली, मधुरिमाताईसुद्धा हसल्या. मी आवाज खाली आणला. "तर मुलांनो, यावरून..."

थांबला.

मयुरेशने टाळी वाजवली. मग मधुरिमाताईंकडे बघून हात खाली घेतले. रेवाने उठून थाप मारली. "चालू हो जा!" नाही झाला. पुन्हा मारली. नाही. मधुरिमाताई पर्स सावरायला लागल्या, आणि मला त्या सावरण्यात पुण्याचा क्लास दिसला.

तेव्हा स्वराली म्हणाली, "आजोबा, इसके अंदर क्या है?"

प्रश्न साधा होता. पण माझा एक जुना नियम आहे: मुलाचा प्रश्न उद्यावर टाकायचा नाही. उद्या तो प्रश्न नसतो, फक्त मूल असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "बघूया?"

"अहो, निशांत ओरडेल," शशिकला स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला न बघता कळतं.

"ओरडू दे."

मी वायर काढली, मुलांना ती काढायची का असते ते सांगितलं, आणि स्क्रू ड्रायव्हर त्या गोल कागदातून आरपार घातला. कागद फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. इतके दिवस मी कशाला भीत होतो कोण जाणे. मयुरेशने स्क्रूंसाठी वाटी धरली. "आजोबा, मला पण फिरवू द्या," तो म्हणाला. मधुरिमाताईंनी मोबाइलचा दिवा धरला. त्या कधी पुढे येऊन खाली बसल्या ते माझ्या लक्षात आलं नाही. "हे काय आहे?" "ही वायर कुठे जाते?" "पंखा! आत पंखा आहे!" तिघं... नाही, दोघंच विचारत होती. रेवा मागे जाऊन आजीच्या पदराला धरून उभी होती.

दिवा आत पडला. तळाशी पिवळे तांदूळ विखुरले होते. माझ्या अक्षता. दसऱ्याला मी भक्तिभावाने डब्याच्या माथ्यावर वाहिलेल्या, आणि माथ्यावर हवा जायला फटी असतात, हे मला आता दिसत होतं. सेवा केंद्राचा शेरा अगदीच खोटा नव्हता. ग्राहकाला मार्गदर्शन हवंच होतं.

पण अक्षतांनी पंखा अडत नव्हता. पंख्याच्या पात्यांत एक वाळलेलं पान अडकलं होतं, कडक झालेलं, दोन पाकळ्यांचं. डबा आडवा केला की ते बाजूला सरकत असणार, थाप मारली की सुटत असणार, आणि उभा ठेवला की हळूहळू फिरून जागेवर. पंखा अडला की आत गरम होत असणार, आणि माझ्या गोष्टी तात्पर्यापर्यंत पोचायला नेमका तेवढाच वेळ घेत असणार.

"अरे, ये तो दशहरे वाला सोना है!" स्वराली ओरडली.

अक्षता वरून सांडतील. अख्खं पान फटीतून आपण होऊन जात नाही. ते कोणीतरी दुमडून, पत्र पेटीत टाकावं तसं आत सोडलं होतं. मी मान वळवून पाहिलं. रेवाचे डोळे भरले होते.

"ये," मी म्हणालो. "कोणी रागावत नाहीये. तू टाकलंस?"

"टाकलं नाही," ती हुंदका गिळून म्हणाली. "दिलं. तुम्हीच म्हणालात ना, जो आपल्याला शिकवतो तो मोठा असतो, त्याला सोनं द्यायचं. हातात द्यायचं, खाली नाही ठेवायचं. त्याला हातच नाहीत, आजोबा. म्हणून मी वरून दिलं. नमस्कार पण केला. आणि म्हटलं पण, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

मी चित्रं काढली, गोष्टी रचल्या, तात्पर्यं पॉलिश केली. ज्या दिवशी तात्पर्य सांगितलं नाही, त्या दिवसाचं पान इथे आत जपून ठेवलेलं होतं.

मधुरिमाताईंनी ते पान अलगद सोडवून रेवाच्या हातात दिलं. थोड्या वेळाने, मुलं अक्षता वेचत असताना, त्या हळूच म्हणाल्या, "काका, आमचा मिक्सर हल्ली विचित्र आवाज करतो. दिवाळीनंतरच्या रविवारी स्वरालीबरोबर पाठवू का? उघडून बघता येईल सगळ्यांना."

"पाठवा," मी म्हणालो. "फक्त आधी जारमधली चटणी काढा."

मग मी रेवाला जवळ घेऊन विचारलं, "बरं, तू एवढं सोनं दिलंस, त्यावर कॉम्प्युटर काय म्हणाला?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "काहीच नाही. हँग झाला."

सगळे हसले. मलाही हसायचं होतं. पण तिने ते सोन्याचं वाळकं पान माझ्या तळहातावर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि वाट बघत उभी राहिली. अशा वेळी मोठ्यांनी काहीतरी म्हणायचं असतं. आशीर्वाद द्यायचा असतो. मला एकही शब्द सुचेना. मी तसाच बसून राहिलो, डोळे उघडे, हातात पान.

रेवाने क्षणभर पाहिलं. मग मागे येऊन माझ्या पाठीवर एक हलकी थाप मारली.

"आजोबा," ती म्हणाली, "चालू व्हा ना."